कंपन आणि वेदनेचे दार

दिवसभराच्या गडबडीत पायांची आग फारशी जाणवत नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली किंवा सकाळी डोळे मिटून ध्यानाला बसलो की तीच आग उफाळून येते. मधुमेह, सायटिका किंवा नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेली नसांची वेदना सोसणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. मग माणूस स्वतःलाच दोष देतो, 'माझी साधनाच कमी पडते.' असे मुळीच नाही. ही वेदना खरी आहे, तिला शारीरिक कारण आहे. ती हलकी करण्याचा एक साधा उपाय आज समजून घेऊया: कंपन.

नसांची वेदना वेगळी का?

काटा टोचला की नस मेंदूला खबर देते. ही वेदना आपले रक्षण करते. पण नसच दुखावली असेल, तर काटा नसतानाही खबर जात राहते. म्हणूनच जळजळ, मुंग्या, विजेसारखे झटके जाणवतात.

कंपनाने आराम का मिळतो?

कोपर दाराला आपटले की आपला हात आपोआप तेथे जातो आणि आपण ते चोळतो. या सहज कृतीमागचे कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडले. वेदनेचे बरेचसे संदेश बारीक तंतूंतून हळू जातात. स्पर्श आणि कंपनाचे संदेश जाड तंतूंतून वेगाने जातात. मज्जारज्जूमध्ये जणू एक दार आहे. जाड तंतूंतून भरपूर संदेश आले की ते दार थोडे मिटते आणि वेदना मेंदूपर्यंत कमी पोहोचते. पुढे या सिद्धांतात सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे.

उपाय मात्र त्याहून जुना आहे. इंग्लंडमधील डॉक्टर मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८३ मध्येच नसांवरील कंपन-उपचारावर पुस्तक लिहिले होते.

वापरताना

१. आधी डॉक्टरांकडून वेदनेचे कारण समजून घ्या.

२. हातात धरायचे साधे मसाज यंत्र सर्वांत कमी वेगावर ठेवा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत.

३. नुसत्या स्पर्शानेही दुखत असेल, तर त्या जागेवर यंत्र लावू नका. शेजारच्या निरोगी त्वचेवर लावून पाहा.

४. आधी आणि नंतर वेदनेला शून्य ते दहापैकी गुण देऊन वहीत लिहा. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर थांबा. वेदना वाढली तर लगेच थांबा.

५. जखम, ताजे फ्रॅक्चर, पायात रक्ताची गुठळी, गाठ, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

मर्यादाही ओळखूया

मधुमेहींच्या पायाला डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून 'थरथर जाणवते का?' असे विचारतात. जाणवत नसेल, तर ते जाड तंतूच दुबळे झालेले असतात. तेथे कंपनाने दार मिटेल अशी फार आशा धरू नये. उलट बधिर पायाला इजा झाली तरी कळत नाही.

मात्रेचेही भान हवे. वर्षानुवर्षे रस्ता फोडण्याचे यंत्र चालवणाऱ्या कामगारांच्या हातांच्या नसा त्याच कंपनाने खराब होतात. थोडे ते औषध, अति ते अपाय.

कंपन नस बरी करत नाही, फक्त काही काळ आराम देते. साखर नियंत्रण आणि औषधे चालूच ठेवायची. अचानक पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तातडीने रुग्णालय गाठा.

मग भ्रामरीचे काय? तिचा गुंजार चेहऱ्यात आणि छातीत जाणवतो. पायाच्या नसेवर तो यंत्रासारखे काम करत नाही. पण लांब, संथ उच्छ्वासाने मन निवते, वेदनेची भीती ओसरते आणि झोप सोपी होते. हा लाभ लहान नाही.

आज रात्री पाय जळू लागले तर स्वतःवर रागावू नका. दुखऱ्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा, तसाच आपल्या पायावरून हात फिरवा. ते दार मिटण्याची सुरुवात तेथूनच होते.