हायलाइटचा कंगवा : घरी की पार्लरात?

प्रश्न : हायलाइट करायचा कंगवा ऑनलाइन मिळतो. घरीच वापरू का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : ब्लीचसाठी तरी नको. काळ्याभोर केसांतलं मेलॅनिन हायड्रोजन पेरॉक्साइडनं फोडावं लागतं. केस आधी लालसर, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होतो. कंगव्यानं लावलेला पातळ थर उघड्यावर वाळतो, वाळलेलं ब्लीच काम थांबवतं आणि बट नारिंगीवरच अडकते. पार्लरातली फॉइल ओल धरते, शेजारचे केसही वाचवते. त्यात नगरकडच्या बोअरचं पाणी बहुधा जड. केसांवर क्षार साचले की रंग सारखा चढत नाही. कंगव्यानं रेघ सरळ येते म्हणाल, तर येते. पण मुळाशी ठिपका उमटतो. पैसे वाचतील हा हिशेबही फसवा, कारण नारिंगी पट्टे दुरुस्त करायला शेवटी पार्लरच गाठावं लागतं. कंगवा आणलाच असेल, तर धुतल्यावर निघणारा हेअर मस्कारा लावा, तोही 48 तास आधी कानामागे चाचणी घेऊन.