दगडी कडेचा धक्का आणि वाहनाची तपासणी

पदपथाची दगडी कड उंचीने वीतभरही नसते. रस्त्याने जाणाऱ्याच्या ती नजरेतही भरत नाही. मात्र धावत्या वाहनाचे चाक तिच्यावर आदळले, म्हणजे टायर, रिम, स्टिअरिंग आणि गाडीचा खालचा भाग यांना एकाच क्षणी मोठा हादरा बसतो. त्याचे परिणाम पुष्कळदा त्याच ठिकाणी दिसत नाहीत. ते काही दिवसांनी आणि भलत्याच रस्त्यावर प्रकट होतात.

समजा, तालुक्याच्या एखाद्या कार्यालयाची जीप सभेच्या घाईत बाजारपेठेच्या वळणावर दुभाजकाच्या टोकावर चढली. मोठा आवाज झाला. चालकाने खाली उतरून पाहिले, तर रंगही उडालेला नव्हता. ‘काही झाले नाही’ असे म्हणून गाडी पुढे निघाली. दुसऱ्या दिवशी तीच जीप दुसऱ्या चालकाच्या हाती आली आणि पाच-सहा माणसे घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी निघाली. आदल्या दिवशीच्या धक्क्याची त्याला कल्पनाच नाही. अशा वेळी त्या गाडीतील माणसांची सुरक्षितता निव्वळ दैवावर अवलंबून राहते. हे टाळण्यासाठी लागणारी प्राथमिक तपासणी पाव तासाची असून तिला विशेष यंत्रसामग्रीची गरज नसते.

धक्क्याच्या वेळी काय घडते?

रस्त्याची कड धरून ठेवणे, पावसाचे पाणी गटाराकडे वळविणे आणि पादचाऱ्यांना संरक्षण देणे ही दगडी कडेची कामे होत. गरजेप्रमाणे वाहन चढू शकेल अशी कड सुमारे १० सेंटिमीटर, वाहनास अटकाव करणारी कड १५ सेंटिमीटर आणि पूर्ण अडथळा करणारी कड सुमारे २० सेंटिमीटर उंच ठेवण्याचा प्रघात आहे. दगड किंवा काँक्रीट दबत नाही. त्यामुळे धक्क्याचा सर्व भार चाकालाच सोसावा लागतो.

टायर म्हणजे केवळ रबर नव्हे. रबराच्या आत धाग्यांचे थर असतात आणि हवेचा दाब खऱ्या अर्थाने तेच पेलतात. चाक कडेवर आदळले, की टायरची बाजूची भिंत एकीकडे दगड आणि दुसरीकडे लोखंडी रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. बाहेरचे रबर लवचिक असल्यामुळे ते शाबूत राहते, पण आतील धागे तुटतात. मग त्या जागी हवेचा दाब रबराला बाहेर ढकलू लागतो आणि टायरला फुगा येतो. हा फुगा कधी तत्काळ दिसतो, तर कधी काही दिवसांनी.

वेगाचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शाळेत शिकविला जाणारा नियम येथे तंतोतंत लागू पडतो. ताशी २० किलोमीटर वेगाच्या गाडीपेक्षा ताशी ४० किलोमीटर वेगाच्या त्याच गाडीत चौपट ऊर्जा असते. म्हणूनच गाडी उभी करताना हलकेच लागलेली कड आणि वेगात घेतलेल्या वळणावर आदळलेली कड यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

प्रथम थांबणे

धक्का बसताच जोराने ब्रेक दाबू नये वा स्टिअरिंग झटकन फिरवू नये. वेग हळूहळू कमी करून गाडी वाहतुकीपासून दूर, सपाट व कठीण जागी उभी करावी. इशाऱ्याचे दिवे लावावेत, हातब्रेक ओढावा आणि प्रवाशांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूने उतरवावे. इंजिन तेलाच्या दाबाचा किंवा ब्रेकचा तांबडा दिवा लागला असेल, तर गाडी पुढे नेण्याचा विचारच करू नये. तेलाचा दिवा असल्यास इंजिन त्वरित बंद करावे. खालची तेलटाकी फुटून तेल वाहून गेले असल्यास थोड्याच वेळात इंजिन निकामी होते.

टायर आणि रिम

तपासणीचा आरंभ आदळलेल्या चाकापासून करावा. तथापि त्याच बाजूचे मागचे चाकही पाहावे, कारण पुष्कळदा तेही त्याच दगडावरून गेलेले असते. टायरच्या बाहेरच्या भिंतीवरून बारकाईने नजर फिरवावी. फुगा, खाच, चीर किंवा उघडा पडलेला धागा दिसतो काय, ते पाहावे. टायरची आतली बाजू बहुतेक जण पाहतच नाहीत. पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळविल्यास हा भाग दृष्टीस पडतो. टायरचा काही भाग जमिनीला टेकलेला असल्यामुळे गाडी थोडी पुढे घेऊन उरलेला भाग पुन्हा पाहावा.

फुगा आलेला किंवा धागा उघडा पडलेला टायर दुरुस्त होत नाही. आतून ठिगळ लावून तो चालविणे म्हणजे धोक्याला आमंत्रण देणे होय. राखीव चाक बसवावे आणि तो टायर वापरातून काढून टाकावा. केवळ वरवर घासलेले रबर असेल, तर तातडीचा धोका नसतो. मात्र पुढील काही दिवस त्या जागेवर रोज नजर ठेवावी.

रिमची कड वाकली आहे काय, हे बोट फिरवून कळते. पोलादी रिम वाकते, तर मिश्रधातूच्या रिमला तडा जाण्याचा संभव असतो. तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग करून ती पुन्हा वापरणे हितावह नाही. ट्यूबविरहित टायरमध्ये रिमच्या वाकलेल्या कडेतून हवा हळूहळू निसटते. रिमच्या कडेवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुड्यांवरून गळती ओळखता येते. त्याच दिवशी हवेचा दाब मोजून लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, पुन्हा मोजावा. दोन आकड्यांतील घट पुष्कळ काही सांगून जाते.

गाडीखालील भाग

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. बॅटरीच्या प्रकाशात बाजूने वाकून पाहणे प्राथमिक तपासणीस पुरेसे आहे. लोंबणारा भाग, ताजी खरचट, तुटलेली क्लिप किंवा गळती यांचा शोध घ्यावा. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवल्यास गळतीचा रंग व जागा दोन्ही कळतात. काळपट वा तपकिरी चिकट डाग इंजिन तेलाचा असू शकतो. हिरवा किंवा गुलाबी द्रव बहुधा रेडिएटरचा असतो. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बुळबुळीत ओल दिसल्यास ती ब्रेकच्या द्रवाची समजून गाडी जागेवरून हलवू नये. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या स्वच्छ पाण्याने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींमध्ये चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर रबरी आवरण असते. ते फाटले, तर आतील ग्रीस बाहेर पडते, धूळ आत शिरते आणि सांधा लवकरच झिजतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत बॅटरीसंच बहुधा तळाशी असतो. अशा गाडीचा तळ आदळला असेल, तर अधिकृत तंत्रज्ञाने पाहीपर्यंत ती चालवू नये अथवा चार्जही करू नये. धूर, उग्र वास किंवा उष्णता जाणवल्यास सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे व अग्निशमन दलास कळवावे.

स्टिअरिंगची साक्ष

टायर शाबूत, गळती नाही, एवढ्यावर तपासणी संपत नाही. दोन्ही पुढची चाके समोरून पाहावीत. एक चाक दुसऱ्यापेक्षा तिरपे किंवा मागे सरकलेले दिसते काय? चाक आणि मडगार्ड यांमधील अंतर दोन्ही बाजूंना सारखे आहे काय? त्यानंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने गाडी थोडे अंतर चालवावी. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचे चाक तिरपे राहणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे, स्टिअरिंग थरथरणे, वळताना टकटक आवाज येणे, ही सर्व लक्षणे टाय रॉड, खालचा आर्म, बॉल जॉइंट किंवा शॉकअॅब्सॉर्बर यांना इजा झाल्याची असू शकतात. यांपैकी एकही लक्षण आढळल्यास गाडी कार्यशाळेतच न्यावी. इजा मोठी वाटत असेल, तर ती ओढून न्यावी.

अल्पशा तिरपेपणाने काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. चाकाची दिशा केवळ अर्ध्या अंशाने बदलली, तरी दर किलोमीटरला ते चाक सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. टायरची एक कड झपाट्याने झिजण्याचे कारण पुष्कळदा असे जुन्या, विसरलेल्या धक्क्यात असते. तथापि व्हील अलाइनमेंट करून घेतले, की काम झाले, हा समज चुकीचा आहे. वाकलेला भाग तसाच ठेवून केलेले अलाइनमेंट म्हणजे मूळ रोग झाकणे होय. तो भाग आधी बदलावा आणि मग अलाइनमेंट करावे. टाय रॉड किंवा आर्म तापवून, ठोकून सरळ करण्याची चाल काही ठिकाणी आढळते. तिला कटाक्षाने नकार द्यावा, कारण तापविलेल्या पोलादाची मूळ ताकद कायम राहील याची हमी नसते.

ही सारी दक्षता आज अधिकच अगत्याची झाली आहे. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावातील रस्त्यावर दुबळा झालेला टायर अल्प वेगात दिवस काढतो. तोच टायर दीर्घकाळ वेगाने फिरला, म्हणजे तापतो आणि त्याच्या दुबळ्या जागी फुटण्याचा धोका वाढतो.

कायद्याची अपेक्षा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० मध्ये सदोष वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविण्याबद्दल शिक्षा सांगितली आहे. दोष माहीत असतानाच नव्हे, तर सामान्य काळजी घेतली असती तर जो ध्यानात आला असता, अशा धोकादायक दोषासह वाहन चालविणेही त्यात येते. वाहन चालविणाऱ्याप्रमाणेच ते चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही जबाबदार धरला जातो. कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक व सरपंच यांनी हे शब्द विशेष लक्षात ठेवावेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये, धागा उघडा पडलेला किंवा एखाद्या जागी फुगवटा आलेला टायर सुस्थितीत मानला जात नाही.

नोंद का लपते?

तपासणीचे तंत्र सोपे आहे. अवघड आहे ती धक्क्याची कबुली. कार्यालयाचे वाहन आज एकाच्या, तर उद्या दुसऱ्याच्या हाती असते. धक्का कळविला, तर टायरची किंमत पगारातून वसूल होईल, स्पष्टीकरण मागितले जाईल, या भीतीने चालक गप्प बसतो. कधी घाई करावयास लावणारे साहेबच गाडीत असतात आणि तेही गप्प बसतात. त्या मौनाची किंमत मात्र दुसऱ्या दिवशी गाडीत बसणारा मोजतो. तो आजारी गर्भवती स्त्री असेल, लसीकरणासाठी निघालेली परिचारिका असेल किंवा शाळेच्या गाडीतील मूल असेल.

यावर उपाय साधा आहे. लॉगबुकात धक्क्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. दिनांक, वेळ, ठिकाण, आदळलेले चाक, अंदाजे वेग, तपासणीत काय आढळले आणि गाडी रस्त्यावर नेण्यास योग्य आहे काय, एवढी नोंद पुरे. तिच्यावर चालकाबरोबर गाडीत असलेल्या अधिकाऱ्याचीही सही असावी. स्वतःहून दिलेल्या माहितीबद्दल चालकास बोल लावू नये. जाब विचारावयाचा, तर तो लपविल्याबद्दल विचारावा. गाडी हाती घेणाऱ्या चालकाने आदल्या दिवसाची नोंद वाचल्याखेरीज चावी घेऊ नये, असा दंडक असावा.

या नोंदींचा आणखी एक लाभ आहे. एकाच वळणावर, एकाच दुभाजकाच्या टोकावर वारंवार धक्के बसत असल्याचे त्यांतून दिसले, तर दोष केवळ चालकांचा नसतो. त्या टोकाला काळे-पांढरे पट्टे रंगविणे, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावणे, बंद पडलेला दिवा सुरू करणे आणि कडेला वाढलेले गवत काढणे ही कामे ग्रामपंचायत व नगरपरिषद यांच्या आवाक्यातील आहेत. एका चालकाने प्रामाणिकपणे लिहिलेली ओळ अशा रीतीने साऱ्या गावाचा रस्ता सुरक्षित करू शकते.

दगडी कड जागच्या जागी राहणार आहे आणि माणसाच्या हातून चूकही होणार आहे. चूक झाल्यावर थांबणे, वाकून पाहणे आणि जे पाहिले ते लिहून ठेवणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. सभेला पाव तास उशीर झाला, तर कामकाज थोडे खोळंबते. गाडीतील माणसे सुखरूप पोहोचली, तर ते पुन्हा सुरूही होते.