तिसरा दिवस उजाडू देऊ नका

आमचा गोट्या सात वर्षांचा, साडेसहा किलोंचा बोका. लहानपणापासून उकडलेल्या बांगड्यावर वाढलेला. नुसत्या मासळीवर मांजराचं पोषण पुरं होत नाही हे कळल्यावर मी एका सोमवारी बांगडा बंद केला आणि ताटलीत दुकानातले दाणे ओतले. एका दिवसात. चूक तिथेच झाली.

त्याने हुंगलं, जिभल्या चाटल्या, मान वळवली आणि निघून गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, लाड पुरे झाले. पोटात कावळे ओरडायला लागले की आपसूक खाईल." मला पटलं. हा सल्ला मांजराच्या बाबतीत जिवावर बेततो, हे मला ठाऊक नव्हतं. बुधवारी न राहवून बांगडा उकडला. त्यालाही त्याने तोंड लावलं नाही. मला वाटलं, रुसलाय.

गुरुवारी सकाळी तो खिडकीत बसला होता. कोवळं ऊन कानातून आरपार येत होतं. एरवी गुलाबी दिसणारा कान हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा दिसला. ओठ वर करून पाहिलं, हिरड्याही पिवळ्या. तडक त्याला डॉक्टरांकडे नेलं.

मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाते. मांजराच्या यकृताला एवढ्या चरबीचा निचरा झेपत नाही, ती तिथेच साचते आणि यकृत काम सोडू लागतं. हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात त्याला. जाड मांजराला धोका जास्त, आणि दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो. गोट्याला तेच झालं होतं. डॉक्टरांनी त्याच्या मानेतून अन्ननलिकेत नळी घातली. पाच आठवडे, दिवसातून पाच वेळा, पातळ केलेलं कोमट खाणं सिरिंजने थेंबाथेंबाने सोडायचं. जरा घाई झाली की उलटी. मग नळी तुंबू नये म्हणून पाणी सोडायचं. पहाटेच्या गजराला मी उठायचे तेव्हा तो आधीच डोळे उघडून माझ्याकडे बघत असायचा.

नळी घालताना त्यांनी तोंडही तपासलं. मागचा एक दात हिरडीलगत पोखरला होता. म्हणजे ज्याला मी नखरा म्हणत होते ते दुखणं होतं.

म्हणून मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगते. नखरेल मांजर एक नाकारतं, पण दुसऱ्यावर उडी मारतं. जिवापाड आवडणारी वस्तूही नाकारली, ताटलीपर्यंत येऊन जिभल्या चाटत मागे फिरलं, लाळ गळली, तर त्याला खायचं आहे पण खाता येत नाहीये. दात असेल, मळमळ असेल, मूत्रपिंड असेल. पूर्ण दिवस पोटात काही गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका.

खाणं बदलायचंच असेल तर सात ते दहा दिवस हाताशी ठेवा. जुन्यात नवं चमचाभर मिसळा, मग पाव हिस्सा, मग निम्मं. मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवतं. गोड चव तर त्याला कळतच नाही. फ्रीजमधल्या गार खाण्याचा वास त्याला फारसा येत नाही, म्हणून ते कोमट करा, ताज्या शिकारीच्या अंगाइतकं. चिकन उकडून दिलंत तर त्यात कांदा-लसूण चुकूनही नको, दोन्ही त्याला विषारी. थोडं थोडं, बऱ्याच वेळा द्या. ताटली पसरट हवी, आणि शीच्या ट्रेपासून लांब.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक नाकारलं की लगेच दुसरं, तिसरं पुढे मांडत जाऊ नका; नाकारलं की चांगलं मिळतं हे मांजर चार दिवसांत शिकतं. धडधाकट असेल तर अर्ध्या तासाने ताटली उचला आणि पुढच्या वेळी तेच ताजं द्या. दुसरी, आवडीच्या खाण्यात कडू औषध लपवू नका. मांजराला एकदा औषधाचा वास लागला की तो पदार्थ कायमचा सुटू शकतो.

गोट्या बरा झाल्यावर तो दात काढला. आता तो ओलं कॅटफूड खातो, वर बांगड्याचा एक तुकडा. दर रविवारी मी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि फरक वहीत लिहिते. गेल्या रविवारी ५.२ किलो.