मोठ्या पेशींचे कोडे

१९२८ साली लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईस आल्या. येथील कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होई आणि कित्येकजणी त्यात दगावत. त्याचे मूळ विल्स यांना शोधावयाचे होते.

रुग्णांच्या रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. शरीरात लोह कमी पडले, तर रक्तातील तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. येथे उलटाच प्रकार होता. पेशी संख्येने थोड्या, परंतु आकाराने भल्या मोठ्या! मोठी पेशी सशक्त असेल, असे कोणासही वाटेल. वस्तुतः ती उपाशी होती. विभागणीस लागणारे एक द्रव्य न मिळाल्यामुळे घडत्या पेशी वाढत, पण वेळेवर दुभंगत नसत.

हे द्रव्य कोणते? या स्त्रियांच्या जेवणात भाजी व फळे फारच थोडी असत, हे विल्स यांनी हेरले. त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क रुग्णांना देऊन पाहिला, आणि त्या बऱ्या होऊ लागल्या! त्या अर्कातील जीवनसत्त्व म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले.

आता पेशींचे आकारमान यंत्राने मोजतात. सरासरी फार मोठी आली की, फॉलिक आम्ल किंवा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असल्याची शंका डॉक्टरांना येते. मात्र जोडीला लोहही कमी असेल, तर लहान व मोठ्या पेशी मिळून सरासरी अगदी बरोबर भरते! अशा वेळी रक्तातील जीवनसत्त्वच मोजून पाहावे लागते.