धर्मगुरूविना सात पिढ्या



"फादर, एवढी प्रार्थना केली, पण उपयोग काय झाला?" हा प्रश्न अनेक घरांत ऐकू येतो. कुठे आजारपण हटत नाही, कुठे जमिनीचा दावा वर्षानुवर्षे चालतो आणि समोरचा माणूस पैशाने व ओळखीने भारी असतो. अशा वेळी रोझरी, मिस्सा, उपवास ह्या गोष्टी फारच दुबळ्या वाटू लागतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर आपण एका सत्य घटनेत शोधू या.

आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे २५ सोबत्यांसह क्रुसावर ठार मारण्यात आले, हे आपण जाणतो. त्यानंतर तिथल्या ख्रिस्ती भाविकांचे काय झाले, हे मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. १६१४ साली संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. चर्चेस पाडली गेली, धर्मगुरूंना हद्दपार केले गेले. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले आणि १६४४ साली शेवटचा धर्मगुरूही रक्तसाक्षी झाला. नागासाकीत लोकांना दरवर्षी अधिकाऱ्यांसमोर प्रभूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. नकार देणाऱ्याचा छळ होई.

पुढे २०० हून अधिक वर्षे, म्हणजे सुमारे सात पिढ्या, मिस्सा नाही, कम्युनियन नाही, पापनिवेदन नाही. मग त्या गरीब शेतकऱ्या-कोळ्यांजवळ उरले काय? तीन गोष्टी.

पहिली, बाप्तिस्मा. गरज पडल्यास कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यांना ठाऊक होती. गावातील एका माणसावर ही जबाबदारी असे.

दुसरी, दिनदर्शिका. एकजण सणांचे आणि उपवासाचे दिवस मोजून ठेवी, दुसरा तो निरोप गुपचूप लोकांपर्यंत पोहोचवी.

तिसरी, पाठ केलेल्या प्रार्थना, विशेषतः पश्चात्तापाची प्रार्थना. पापनिवेदनाला धर्मगुरू मिळाला नाही तर देवावरील प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे सांगणारी पुस्तिका त्यांना १६०३ मध्येच मिळाली होती. बरेच जण भीतीने प्रतिमेवर पाय ठेवत, घरी येत आणि रडत हीच प्रार्थना म्हणत. ते सगळेच शूर नव्हते. पण पडल्यावर देवाकडे परतायची वाट त्यांना पाठ होती.

१८६२ साली गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांना संतपद मिळाले. ह्याच २६ रक्तसाक्षींच्या नावाने नागासाकीत ओउरा येथे परदेशी लोकांसाठी चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तिथे आले. एका स्त्रीने फादर पेतीझाँ यांना हळूच सांगितले की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. सध्या दुःखाचा काळ चालू आहे, आज त्याचा सतरावा दिवस, असेही ह्या लोकांनी सांगितले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे फादरांचाही तो उपवासकाळाचा सतरावाच दिवस!

बंधुभगिनींनो, इथे घाईने आनंदी शेवट लावू नका. हे लोक उघडकीस येताच छळ पुन्हा पेटला. उराकामीतील ३,००० हून अधिक जणांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतले ६०० हून अधिक दगावले. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. प्रार्थनेने त्यांचा विरोधक लगेच हरला नाही. पण त्या विरोधकाला त्यांची श्रद्धा हिरावून घेता आली नाही.

सद्गुण सरावाने अंगी मुरतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. श्रद्धा तर देवाचे दान आहे. तरी ते दान सांभाळायलाही रोजचा सराव लागतो. संकट दारात आल्यावर रोझरी शोधायला गेलो तर हात चाचपडतात. रोज संध्याकाळी ती म्हणणाऱ्या घरात मात्र शब्द आपोआप ओठांवर येतात, मन सुन्न झाले असले तरीही. त्या लोकांना मिस्सासाठी दोन शतके वाट पाहावी लागली. आपल्याला घंटेचा आवाज ऐकू येतो.

म्हणून तुमच्यासमोरचा विरोध मोठा असेल तर वकील, डॉक्टर, समाज ह्यांची मदत जरूर घ्या. पण रोजची प्रार्थना सोडू नका आणि चुकलात तर पापनिवेदनाला यायला लाजू नका.

समूहसभेत चिंतनासाठी:
१. उद्या धर्मगुरू नसतील, तर आपल्या घरातील कोणत्या प्रार्थना मुलांना पाठ आहेत?
२. आपल्या समूहात कोणते कुटुंब एकटे झुंजते आहे? त्यांच्या घरी जाऊन ह्या आठवड्यात रोझरी म्हणता येईल का?

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू