पडद्यावरील काम आणि शिक्षकांचे डोळे

दुपार उलटली की डोके जड होते, डोळे चुरचुरतात, फळ्यावरील अक्षरे क्षणभर पुसट होऊन पुन्हा स्पष्ट होतात आणि रात्रीच्या झोपेनंतर हे सर्व बहुधा निवळते, अशी तक्रार प्राथमिक शिक्षकांच्या तोंडी अलीकडे वारंवार येते. ती केवळ शिरूर व दौंड या तालुक्यांपुरतीच आहे असे नव्हे. तथापि येथील शाळा, येथील हवा आणि येथील शिक्षकांचा दिनक्रम लक्षात घेऊन तिचा विचार केला, तर बहुतेक उपाय हाताशीच असल्याचे दिसून येते.

तक्रारीचे मूळ कामाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. २०१५ साली महाराष्ट्रात ‘सरल’ प्रणाली सुरू झाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती संगणकावर चढविण्याचे काम शाळेकडे आले. त्याच्या जोडीला यू-डायस प्लसची माहिती, पोषण आहाराची दैनंदिन नोंद, आधार क्रमांकांची पडताळणी ही कामे आहेतच. वाडीवस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत लेखनिक नसतो. त्यामुळे हे सर्व शिक्षकानेच करावयाचे, आणि पुष्कळदा खिशातील फोनवर करावयाचे. दिवसा संकेतस्थळावर गर्दी असते, म्हणून ते रात्री, जेवणानंतर, अंथरुणावर पडून केले जाते. रात्री अकरा वाजता भरलेली माहिती सकाळी भरलेल्या माहितीहून अधिक अचूक असते, असा मात्र कोणाचाच अनुभव नसावा.

जवळच्या कामाने डोळे शिणतात ही गोष्ट संगणकाबरोबर आलेली नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात लेखनिकांच्या आणि बारीक काम करणाऱ्या कारागिरांच्या व्याधींचा विचार आहे. कंदिलाच्या उजेडात दप्तर लिहिणाऱ्या आपल्याकडील कुलकर्ण्यांचे डोळेही शिणतच असतील. पडद्यामुळे भर पडली ती दोन गोष्टींची. अक्षर डोळ्याजवळ आले, आणि पापणी मिटण्याचे प्रमाण कमी झाले.

यांपैकी पहिली गोष्ट नीट समजावून घेणे अगत्याचे आहे. डोळ्यातील भिंग लवचिक असते. दूरचे पाहताना त्याला जोडलेले स्नायू सैल असतात. जवळचे पाहताना ते आकुंचन पावतात आणि भिंग अधिक फुगीर होते. यालाच पाठ्यपुस्तकात समायोजन म्हटले आहे. वस्तू जितकी जवळ, तितका या स्नायूंवर भार अधिक. हा भार डायॉप्टर या एककात मोजतात व त्याचा हिशेब सोपा आहे. एक मीटरला मीटरमधील अंतराने भागावे. पडदा ६० सेंटिमीटरवर असेल तर भार पावणेदोनच्या आत राहतो. फोन २५ सेंटिमीटरवर धरला तर तो चार होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. शिवाय दोन्ही डोळे नाकाकडे वळवून धरावे लागतात ते वेगळेच. पाण्याने भरलेली घागर उचलून लगेच खाली ठेवणे जड जात नाही. तीच घागर अर्धा तास हातात धरून उभे राहिले तर हात भरून येतो. डोळ्याच्या स्नायूंचे तसेच होते, आणि तो शीण भुवयांच्या वर, कपाळात व कानशिलांत जाणवतो. मान पुढे झुकवून बसल्याने मानेचे स्नायू आखडतात, त्यांचीही डोकेदुखीत भर पडते.

आता वयाचा विचार करावा. दहा वर्षांच्या मुलाची समायोजनाची एकूण शक्ती बारा डायॉप्टरहून अधिक असते. ती वयाबरोबर सतत घटत जाऊन पंचेचाळिशीच्या सुमारास चार-पाचांवर येते. मनुष्य आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच काम दीर्घकाळ सुखाने करू शकतो. तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा शिक्षक फोन वीतभर अंतरावर धरून तासभर नावे तपासत बसला, तर तो आपल्या डोळ्यांची जवळजवळ सर्व शक्ती पणास लावीत असतो. डोके दुखले नाही तरच नवल. जवळच्या चष्म्यास मराठीत ‘चाळिशी’ हे नाव आहे. नाव इतके उघड असूनही तो लावण्यास लोक दोन-चार वर्षे कां कूं करतात, आणि तेवढी वर्षे डोकेदुखी सोसतात. चाळिशी उलटलेल्या शिक्षकाचे डोके संध्याकाळी दुखत असेल, तर पहिला संशय न लावलेल्या चष्म्याचा घ्यावा, आणि चष्मा असल्यास त्याचा नंबर जुना झाला असल्याचा.

दुसरी गोष्ट पापणीची. पापणी मिटते तेव्हा ती बुबुळावर अश्रूंचा पातळ थर सारवून जाते. जपानमधील त्सुबोता व नाकामोरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत स्वस्थ बसलेली माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटत होती, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि पडद्यावरील मजकूर वाचताना अवघी ७ वेळा. म्हणजे डोळा उघडा राहून सुकत जातो. शिरूर-दौंडचा बराचसा भाग कमी पावसाचा व कोरड्या वाऱ्याचा आहे. त्यातच गळीत हंगामात दौंडकडील गुऱ्हाळांचा व कारखान्यांचा धूर, रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या गाड्यांची धूळ, आणि उन्हाळ्यात तोंडावर येणारा पंखा. चुरचुरणे आणि मध्येच पुसट दिसणे हे बहुधा या कोरडेपणाचे लक्षण असते. म्हणूनच दोनचार वेळा पापणी मिटली की अक्षर पुन्हा स्पष्ट होते. पापणी पूर्ण मिटण्याची सवय जाणूनबुजून लावावी लागते. पंखा तोंडावर न घेता बाजूने घ्यावा.

हा भाग वर्गातही करून दाखविता येतो. सहावी-सातवीच्या मुलांच्या जोड्या कराव्या. एकाने दुसऱ्याशी मिनिटभर गप्पा माराव्या आणि तिसऱ्याने बोलणाऱ्याच्या पापण्यांची उघडझाप मोजावी. मग त्याच मुलास बारीक अक्षरांचा मजकूर मिनिटभर मनात वाचावयास देऊन पुन्हा मोजावे. ज्याच्या पापण्या मोजायच्या त्यास आधी सांगू नये. सांगितले की तो मुद्दाम पापण्या मिटू लागतो आणि प्रयोग फसतो. यानंतर प्रत्येकाने पेन्सिलीचे टोक हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाकडे आणावे. टोक दुहेरी दिसू लागेपर्यंत डोळ्यांना कसा ताण बसतो हे मुलांना स्वतःच समजते, त्यावर निराळे व्याख्यान नको.

उपायांत कामाची जागा प्रथम येते. माहिती भरण्याचे काम शक्य तेथे फोनवर न करता शाळेतील अथवा केंद्रशाळेतील संगणकावर, दिवसाच्या उजेडात करावे. पडदा हातभर दूर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. पत्र्याच्या खोलीत दारातून येणारा उजेड प्रखर असतो. पाठीमागे दार असले की तो पडद्यावर पडतो, समोर असले की डोळ्यांत येतो. म्हणून दार अथवा खिडकी बाजूस यावी असे टेबल फिरवावे. अक्षर मोठे करून घेण्यास संकोच कसला? अंधाऱ्या खोलीत उजळ पडदा पाहणेही टाळावे.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. वीसच्या आकड्यात काही जादू नाही. स्नायू सैल सोडणे हे त्याचे मर्म. वीस फूट म्हणजे सहा मीटर, साधारण एका वर्गखोलीची लांबी. आवारातील कडुलिंब किंवा पलीकडचा बांध यांकडे पाहिले तर अधिकच बरे, कारण त्यासाठी उठून दारापर्यंत जावे लागते आणि मानही मोकळी होते.

पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात असे सांगून विशेष काचांचे चष्मे विकले जातात. या काचांवरील प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे त्यात आढळले नाही. तोच पैसा डोळे तपासून योग्य नंबर लावण्यास खर्चावा. डोकेदुखीच्या गोळ्यांबाबतही सावध राहावे. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वा अधिक गोळ्या घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, आणि मूळ कारण झाकले जाते.

प्रत्येक डोकेदुखी मात्र पडद्याची नसते. डोळा एकाएकी लाल होऊन तीव्र दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, त्याबरोबर उलटी होणे. एकाएकी दिसेनासे होणे किंवा एकाचे दोन दिसणे. पहाटे डोकेदुखीने जाग येणे, यांपैकी काहीही झाले तर विश्रांतीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्यांनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

शिक्षकास आपले दुखणे सांगता येते. मुलास ते येत नाही, आणि खरी काळजी येथेच आहे. वर सांगितल्याप्रमाणे मुलाची समायोजनशक्ती एवढी असते की फोन नाकाशी धरला तरी त्याचे डोके दुखेलच असे नाही. त्याची तक्रार नाही म्हणून त्याचे डोळे ठीक आहेत, असे मानता येत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरातील एकुलता फोन मुलांच्या हाती आला. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला अर्ध्या तासाहून अधिक नाही, आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे, एवढीच मर्यादा त्यांत होती. शाळा उघडल्या; फोन मात्र पुष्कळ घरांत मुलांच्या हातीच राहिला.

लहान वयात सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर न जाणे यांमुळे निकटदृष्टिता वाढते. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे अधिक उघड्यावर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन वर्षांनंतर त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, इतर शाळांत ती ३९.५ टक्क्यांना आली. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भयाने पालक मुलांना सायंकाळी घराबाहेर सोडीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मग उघड्यावरचा उजेड मुलांना मिळावयाचा तो शाळेच्या वेळेतच. यास्तव खेळाचा तास आणि मधली सुटी माहिती भरण्यात खर्ची पडू नये. परिसर अभ्यासाचा एखादा पाठ आवारातील सावलीत घेतला तरी काम भागते; उन्हात उभे करण्याची गरज नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक २०१३ पासून शाळेत वर्षातून एकदा येते. उरलेल्या दिवसांत मुलास पाहणारा शिक्षकच असतो. फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणारे, मान तिरकी धरणारे, शेजाऱ्याच्या वहीतून उतरून घेणारे, पाठांतर चोख असून फळ्यावरची उदाहरणे चुकविणारे मूल ‘मंद’ ठरण्यापूर्वी त्याची दृष्टी तपासावी. दृष्टितक्ता भिंतीवर उजेडात लावून सहा मीटरवर खडूने रेघ मारावी. मुलास रेघेवर उभे करून एक डोळा तळहाताने न दाबता झाकावयास सांगावे आणि दुसऱ्याने वाचून घ्यावे. अक्षरओळख नसलेल्यांसाठी तोंड फिरविलेल्या चिन्हांचा तक्ता वापरावा. कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ न वाचणाऱ्या मुलाचे नाव, वर्ग व डोळा एका कागदावर लिहून ठेवावा, पालकांना बोलावून सांगावे आणि पथक येईपर्यंत न थांबता मुलास तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवावे. चष्मा मिळाल्यावर तो दप्तरात राहतो की डोळ्यांवर, हे पहिला महिनाभर रोज पाहावे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आणि तोवर त्या मुलाची जागा पहिल्या रांगेत करावी.