पेशीच्या तटावरील पहारेकरी

सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीतून जाणाऱ्या नवख्या प्रवाशास महाद्वार लवकर गवसत नाही, कारण ते बुरुजांच्या वळणात दडविलेले आहे. परंतु आतबाहेरची वर्दी जाते ती त्याच वाटेने. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीसही स्निग्ध द्रव्याचा असाच सूक्ष्म तट असतो, आणि त्यात आरपार रोवलेली काही प्रथिने, एक टोक बाहेर व दुसरे आत ठेवून, बाहेरचा निरोप आतल्या कारभारास पोहोचवीत असतात.

'हर-टू' हे त्यांतलेच एक. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते व निरोगी पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. मात्र स्तनाचा कर्करोग झालेल्या पाच-सहा स्त्रियांपैकी एकीच्या गाठीत या प्रती बेसुमार वाढतात, आणि मग तटावर या पहारेकऱ्यांची एवढी दाटी होते की, बाहेरून हुकूम आलेला नसताही ते आपसांत जोड्या जमवून वाढीची वर्दी अहोरात्र आत धाडू लागतात. हा बिघाड त्या गाठीतच उद्भवलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. तेव्हा लेकीच्या सोयरिकीत तो कोणी आडवा आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अशा गाठी एके काळी विशेष घातक ठरत. १९९८ साली अमेरिकेत मान्यता पावलेले आणि आता भारतातही तयार होणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध या प्रथिनाच्या बाहेरच्या टोकास चिकटून त्याचा अंमल रोखते. ते चालू असता हृदयाची 'इको' तपासणी मात्र वेळोवेळी करावी लागते.

पण ज्या गाठीची परीक्षाच झाली नाही, तिच्यावर हे औषध द्यावे कसे? 'दुखत नाय मा, मगे रवांदे,' म्हणून महिनोन् महिने अंगावर काढलेली गाठ आणि काढल्यावर फॉर्मलिनमध्ये न ठेवता नासविलेला तुकडा, या दोहोंनी होणारे नुकसान मला फार जाचते. तुकड्याच्या अहवालात 'हर-टू' 'तीन अधिक' (३+) असल्यास निर्णय स्पष्ट असतो; 'दोन अधिक' (२+) असल्यास 'फिश' ही पुढची तपासणी करून घ्यावी.

तेव्हा भगिनींनो, काजूएवढी गाठ हाताला लागली तरी त्याच आठवड्यात दाखवा, आणि गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात वा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाताना कागदांबरोबर, तपासणीचा तुकडा ज्यात बसविलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून न्या. तो तुमच्या हक्काचा आहे.